जसं होतं तसं

शिवणवाल्या मावशी मास्तरांच्या घरी पहिल्यांदाच आल्या, तेव्हा मास्तर दुपारचे जरा आडवे व्हायच्या बेतात होते. एकतीस वर्षांची ओळख, पण ती सगळी जुन्या गल्लीतल्या अंगणातली. तिथून उठून, दोन बस बदलून बाई आपल्या दारात उभ्या राहतील, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मावशींच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत नगरपालिकेचा फॉर्म.

मास्तर म्हणजे एके काळचे शाळेतले ड्रॉइंग मास्तर. शाळा सुटून पंधरा वर्षं झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. गावात त्यांची खरी ओळख मात्र जुन्या गल्ल्या आणि अंगणं रंगवणारा माणूस ही. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही काढलंच नाही. एखादा डोंगर काढा की, असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, डोंगर कुठे पळून चाललाय, गल्ल्या चालल्यात. बँकेत, दवाखान्यात, नगरपालिकेच्या जिन्यात त्यांचीच चित्रं टांगलेली. प्रदर्शनाच्या पुस्तिकेवर दर वेळी एकच ओळ छापलेली असायची, 'जसं होतं तसं'. ती ओळ मास्तरांना स्वतःलाच फार आवडायची. प्रदर्शनात कुणी ती मोठ्याने वाचली की ते दुसरीकडे बघत उभे राहायचे, पण कान तिकडेच असायचे.

मावशी खुर्चीच्या कडेवर बसल्या. मास्तरांच्या बायकोने चहा आणून ठेवला. मावशी वयाने मास्तरांपेक्षा लहानच, पण त्या साऱ्या गल्लीच्या मावशी, तशा मास्तरांच्याही.

"तीस वर्षांचा पुरावा मागतायत," मावशी म्हणाल्या. "गल्ली पूर्वीसारखी करायचीय ना त्यांना. तीस वर्षांच्या आधीपासून जे आहे ते राहणार, मागाहून आलेलं निघणार. पावत्या होत्या माझ्याकडे, त्या घरात पाणी शिरलं तेव्हा गेल्या. आणि शिवणाच्या मशीनचा फोटो कोण काढून ठेवतंय? अंगणातले सगळे सांगायला तयार आहेत, पण अंगणातल्यांचं चालत नाही म्हणे. सगळे एकमेकांचीच री ओढतील. रात्रंदिवस डोक्याला घोर. मग म्हटलं, वेडाबाई, आपल्याकडे मास्तर आहेत की."

"मी?"

"तुमची चित्रं हो. इतकी वर्षं आमचं अंगण काढताय. खाली तारीख घालता. कुठल्यातरी एका चित्रात माझी टपरी असेलच ना. तेवढं एक दाखवलं की झालं."

"असणारच," मास्तर म्हणाले.

पुढे जे रामायण झालं त्याचं मूळ या एका शब्दात. थोडं थांबून, आठवून, बघून सांगतो म्हणाले असते तरी चाललं असतं. पण समोरचं माणूस इतक्या भरवशाने बघत असलं की मास्तरांच्या तोंडून नाही निघत नसे.

मावशींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहा संपवला, उठता उठता मास्तरांच्या शर्टाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कॉलर फाटलीय तुमची. द्या इकडे, पलटून देते." नको नको म्हणेपर्यंत मास्तरांना आत जाऊन शर्ट बदलावा लागला. मावशी शर्ट पिशवीत घालून गेल्या.

त्याच संध्याकाळी मास्तरांनी जुने गठ्ठे काढले. विकलेल्या चित्रांचे फोटो एका वहीत चिकटवलेले होते, तेही काढले. त्या अंगणाची एकूण अकरा चित्रं निघाली. दोन जिने, हातपंप, फरशीतली भेग, वाळत घातलेल्या चादरी, खिडकीतलं मांजर, सगळं होतं. टपरी एकातही नव्हती.

पाच चित्रांचं कारण साधं होतं. ती काढताना मास्तर टपरीतच बसलेले होते. अंगणात सावली तेवढीच, आणि तिथून दोन्ही जिने एका नजरेत यायचे. मावशी स्टूल पुढे सरकवायच्या, ब्रश धुवायला पाणी द्यायच्या, ऊन फिरलं की कपड्यांचा ढीग उचलून मास्तरांना आत जागा करून द्यायच्या. मास्तर जिथे बसलेत तीच जागा चित्रात कुठून येणार?

उरलेली सहा फाटकातून काढलेली. फाटकातून पाहिलं की टपरी बरोबर समोर, भिंतीला टेकून. तो निळा पत्रा, खाली मशीन, उसवलेल्या पँटींचा ढीग आणि ढिगामागे मावशींचं डोकं. मावशी नवे कपडे शिवत नसत. आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं, गुडघ्याला ठिगळ लावणं ही त्यांची कामं. सहाच्या सहा चित्रांतून मास्तरांनी त्यांना काढून टाकलं होतं. निळ्या पत्र्याने मागच्या विटकरी भिंतीचा रंग मरतो, असं त्यांचं तेव्हा म्हणणं असायचं. भिंत मोकळी सोडली तर रिकामी दिसते म्हणून तिथे त्यांनी एक वेल चढवला होता, बारीक पांढऱ्या फुलांचा. असा वेल त्या अंगणात कधीच नव्हता. तो मास्तरांच्या डोक्यात उगवला आणि कागदावर वाढला. आणि आता नगरपालिकेने गल्लीचा नवा आराखडा मास्तरांची चित्रं समोर ठेवूनच केला होता, त्यात त्या भिंतीशी वेल लावायचं लिहिलेलं होतं.

चित्रकार विजेच्या तारा गाळतो, पाण्याच्या टाक्या गाळतो, कचऱ्याचा डबा गाळतो, त्यात कुणाचं काय जातं? पण तार आणि टाकी दारात फॉर्म घेऊन येत नाही. शर्टाची कॉलर पलटून देते म्हणत नाही.

बायकोपासून लपवण्यात अर्थ नव्हता. ती तीस वर्षं नर्स होती, माणसाचा चेहरा बघून ताप ओळखायची.

"मग जाऊन लिहून द्या की," ती म्हणाली. "टपरी होती, मी काढली नाही. दोन ओळींचं काम."

फॉर्मवर खरंच तशी सोय होती. छायाचित्र, नाहीतर चित्र किंवा नकाशा, नाहीतर 'जागेची माहिती असलेल्या बाहेरच्या व्यक्तीचा लेखी जबाब'. मास्तरांनी ती ओळ वाचली होती. वाचून चष्मा काढून ठेवला होता.

"आणि का नाही काढली, असं विचारलं तर?"

"तर सांगायचं, नजरेला बरी दिसत नव्हती."

"चाळीस वर्षं जसं होतं तसं म्हणून मिरवलो. आता भर कार्यालयात सांगू, की जसं मला बरं वाटलं तसं?"

"खरं तेच आहे ना?"

"तुला नाही कळायचं."

"नाही बाई, मला कुठलं कळायला. मी आपली जखम असेल तिथेच पट्टी बांधायची," बायको म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

मास्तर परत गठ्ठ्यांकडे वळले. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ चाळीस वर्षं झाकलेली. मावशींची टपरी तर वाचवायची होतीच, पण मूठ न उघडता. असा मार्ग एखाद्या वकिलाला सुचला नसता, दुकानदाराला सुचला नसता. तो चित्रकारालाच सुचायचा.

फाटकातून काढलेल्या चित्रांतली दोन अगदी जुळी होती. एकाच आठवड्यात, एकाच उजेडात काढलेली, एकतीस वर्षांपूर्वीची. मावशी अंगणात बसायला लागल्या त्याच वर्षीची. एक कुणीतरी विकत घेऊन परगावी गेलं होतं, आणि नगरपालिकेने एका वर्षी कॅलेंडरवर छापलं होतं ते तेच, अशी मास्तरांची पक्की समजूत होती. दुसरं घरी गठ्ठ्यात पडून होतं, कुणी न पाहिलेलं. तारीख त्यांच्याच हातची, शाई पिकून तपकिरी झालेली.

मंगळवारी बायको बहिणीकडे गेली आणि मास्तरांनी कागद फळीवर ताणला. ओल्या स्पंजाने वेल भिजवला, टीपकागद दाबून दाबून उचलला. फुलं लगेच गेली, पानांना वेळ लागला. मग भिंतीच्या त्या फिकट डागावर त्यांनी टपरी उभी केली. निळा पत्रा. मशीन. स्टूल. कपड्यांचा ढीग, आणि ढिगामागे खाली मान घातलेल्या मावशी. नवा रंग जुन्यात मिसळावा म्हणून शेवटी त्यावरून चहाच्या पाण्याचा पातळ हात फिरवला. शाळेत पोरांनी असली लबाडी केली असती तर मास्तरांनी कान पिळला असता.

चित्र सुकलं तेव्हा त्यांनी ते भिंतीला टेकवून लांबून पाहिलं. ते आधीपेक्षा चांगलं झालं होतं. त्या निळ्याने विटकरी भिंत मरत नव्हती, उलट आता कुठे ती भिंत वाटत होती. अंगणात कुणीतरी राहतंय असं वाटत होतं. मास्तरांना आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची शरमही वाटली. बायको घरी येईपर्यंत त्यांनी चित्र पुठ्ठ्यात बांधून टाकलं होतं.

सुनावणी गुरुवारी, नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर. मावशी वेळेच्या अर्धा तास आधी येऊन बाकावर बसल्या होत्या. त्यांनी शर्ट आणला होता, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून. "कॉलर बघा, नवीन दिसते की नाही," त्या म्हणाल्या. मास्तरांनी पुडकं काखेत धरलं आणि मान हलवली.

सुनावणी घेणाऱ्या इंजिनियर बाई तिशीच्या आसपासच्या. मास्तर आत येताच उठून उभ्या राहिल्या. "सर, तुम्ही स्वतः आलात? तुमच्या चित्रांवरच तर आमचं सगळं काम चाललंय." मास्तरांनी कसंनुसं हसून पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि दोरी सोडली.

मावशी पुढे वाकल्या. स्वतःला चित्रात त्या पहिल्यांदाच बघत होत्या. "अगं बाई, ही मी?" त्या म्हणाल्या आणि पदराने तोंड झाकून हसल्या. मग त्या आणखी जवळून बघायला लागल्या, आणि त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी तारीख पाहिली. परत पत्रा पाहिला. मास्तरांकडे वळून, बाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "तेव्हा पत्रा नव्हता, मास्तर. ताडपत्री होती. पत्रा बारा वर्षांनी बसवला."

निळा पत्रा नजरेला खुपायचा, असं मास्तर स्वतःला इतकी वर्षं सांगत आले होते. आणि ज्या वर्षी त्यांनी ती टपरी पहिल्यांदा काढून टाकली त्या वर्षी निळा पत्रा तिथे नव्हताच. मग काय खुपलं होतं? ताडपत्रीचा रंगही त्यांना आठवेना. मावशी सरळ होऊन बसल्या आणि हात मांडीवर ठेवले. त्यांना कळलं होतं. पण त्या बाईंना काही बोलल्या नाहीत.

इंजिनियर बाईंनी चित्र उजेडात धरलं, मग फाइल उघडली. फाइलमध्ये त्या जुन्या कॅलेंडरचं पान होतं.

"सर, हातपंपाशी ही बादली कलंडलेली आहे. पाणी भेगेतून असं गेलंय. आणि इथे खालच्या कोपऱ्यात रंगाचा एक ओघळ आलाय." त्यांनी कॅलेंडरचं पान शेजारी ठेवलं. "इथेही तीच बादली, तोच ओघळ. हे हेच चित्र आहे ना?"

मास्तरांनी ते पान जवळ ओढलं. जुळ्या चित्रांतलं छापलं गेलं ते विकलेलं नव्हतंच. छापलेलं होतं ते घरचंच. एवढी एक गोष्ट त्यांच्या लक्षातून गेली होती. कॅलेंडरच्या पानावर बादली होती, ओघळ होता, आणि भिंतीवर पांढऱ्या फुलांचा वेल होता.

"टपरी होती," मास्तर म्हणाले. "खरोखर होती. वेल नव्हता. वेल मी माझ्या मनाने काढला. हे नवीन काम आहे, मी कबूल करतो, मंगळवारी केलं. पण खरं हेच आहे. कॅलेंडरवरचं खोटं आहे."

खोलीतल्या कारकुनाने लिहिणं थांबवलं.

"सर," बाई म्हणाल्या, "एवढं तुम्ही नुसतं लिहून दिलं असतंत तरी चाललं असतं. तुम्ही चाळीस वर्षं तिथे जाताय. तुमच्या शब्दावर मी डोळे मिटून सही केली असती."

"मग आता देतो लिहून."

"आता मी तुमचं कुठलं खरं धरू?" त्या चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं. "आणि खोटा पुरावा जोडला की दावाच बाद होतो. माझ्या हातात काही राहत नाही. मुदतही आजचीच होती. मावशी, मला वाईट वाटतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. फरक इतकाच, की हात मास्तरांचा होता आणि अवलक्षण मावशींच्या वाट्याला आलं. बाईंनी दाखवलेल्या जागी मावशींनी सही केली. पेन परत दिलं. दोघं जिना उतरायला लागले. जिन्यात मास्तरांचीच दोन चित्रं होती, दोन्ही मोकळ्या, स्वच्छ गल्ल्यांची.

खाली दाराशी मावशी थांबल्या. मास्तरांना वाटलं आता त्या बोलतील, रागावतील, चार माणसांत तमाशा करतील. केला असता तर त्यांनी तो खाली मान घालून ऐकला असता, ऐकायची तयारीच होती.

"टपरी फार वाईट दिसायची का हो?" मावशींनी विचारलं.

मास्तर काखेतलं पुडकं सावरायला लागले.

"मला सांगायचं होतंत. तेवढे दोन तास आवरून ठेवली असती. मी काय, घरी बसून हातशिलाई केली असती. परत मांडली असती नंतर."

बस आली तशा त्या गेल्या. इस्त्रीचा शर्ट मास्तरांच्या काखेतच होता. घरी गेल्यावर बायकोने काय झालं विचारलं, आणि त्यांनी सगळं सांगितलं, मंगळवारचंही. ती नेहमीसारखं काही लावून बोलेल असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "जा उद्या, भेटून या त्यांना." मास्तर हो म्हणाले.

उद्या गेले नाहीत. परवाही गेले नाहीत. जाऊन म्हणायचं काय, हे ठरलं की जाऊ, असं ते स्वतःला सांगत होते, आणि ते काही ठरत नव्हतं. माफी मागावी तर मावशी चटकन 'असू दे' म्हणतील, आणि ते 'असू दे' ऐकण्यापेक्षा न गेलेलं बरं. या काळात त्यांनी ब्रश हातात धरला नाही. बाजारात एखादी निळी बादली दिसली तरी ते वाट बदलायचे. महिन्याभराने बायकोने विचारणं सोडलं. कुणी विचारलं नाही की माणसाला जरा बरं वाटतं, हेही मास्तरांना त्या महिन्यात कळलं, आणि त्याचीही लाज वाटली.

गल्लीचं काम संपल्यावर नगराध्यक्षांचा फोन आला. "मास्तर, येऊन बघा तरी. अगदी तुमचं चित्र." नाही म्हणता येईना. मास्तर दुपारी चारच्या सुमारास एकटेच गेले, कारण त्या वेळी अंगणात कुणी नसतं हे त्यांना चांगलं माहीत होतं.

फाटकातून पाहिलं. भिंत मोकळी होती. विटा घासून काढल्या होत्या, खाली नवी माती टाकून रोप लावलं होतं, सुतळीने वर चढवायला सुरुवात केली होती. तिरपं ऊन भिंतीवर पसरलं होतं. एकही तार मध्ये नव्हती. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी जसं मनाने रचलं होतं तसंच सगळं, आता खरोखर समोर उभं होतं. त्यांची नजर सवयीने एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर गेली, आणि कुठेच अडली नाही. त्या नजरेचा त्यांना तिथेच, उभ्या उभ्या, तिटकारा आला.

मागून एक बाई आली. तिच्या हातात घडी केलेल्या दोन पँटी होत्या, एकीच्या पायाला टाचण्या लावलेल्या. ती भिंतीपर्यंत गेली, इकडेतिकडे पाहिलं आणि परत फिरून मास्तरांपाशी थांबली.

"काका, इथे शिवणवाल्या मावशी बसायच्या ना?"

नगरपालिकेत, त्या टेबलासमोर जे बोलायचं होतं ते सगळं आता आपोआप मास्तरांच्या ओठांवर आलं.

"हो," ते म्हणाले. "इथेच बसायच्या. या भिंतीला लागून टपरी होती त्यांची. एकतीस वर्षं. आधी ताडपत्री होती, मग पत्रा आला. मी स्वतः पाहिलंय. मी लिहूनसुद्धा देईन."

बाई त्यांच्याकडे जरा चमकून बघत राहिली.

"ते मला माहीत आहे हो," ती म्हणाली. "आता कुठे बसतात, ते विचारतेय."

मास्तरांना ते माहीत नव्हतं.